तसबिरीचे भिंग

घरातील वडील मनुष्याची एक चांगलीशी तसबीर घरात असावी, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कोणी बोलून दाखवीत नाही. आणि बोलून दाखवीत नाही म्हणूनच बहुधा ती राहून जाते. आमच्या घरी ती राहून गेली. त्या उणिवेपायी आम्हांस, वयाची पासष्टी उलटल्यावर, कॅमेऱ्याच्या भिंगाचा अभ्यास करावा लागला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर पाठशाळेतील संस्कृत आणि पस्तीस वर्षांची मास्तरकी. पदार्थविज्ञानाशी आमचा संबंध शाळेच्या वेळापत्रकापुरताच. तथापि जे शिकलो ते पुष्कळ घरांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा प्रपंच.

आमचे घर अंबरनाथ पूर्वेस, शिवमंदिरापासून चालत वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. एका चुलीवर अकरा माणसे जेवतात. थोरल्या बंधूंना घरात सारे भाऊ म्हणत. ते दोन वर्षांपूर्वी निवर्तले. तेराव्याच्या दिवशी पाटावर ठेवण्यास तसबीर हवी म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा ध्यानी आले की घरातल्या फोनांत मिळून हजारो चित्रे असतील. परंतु भाऊंचे एकट्याचे असे एकही नाही. कोठे अर्धा खांदा, कोठे पाठ, कोठे पंगतीत वाकलेले मस्तक. अखेरीस वाढदिवसाचे एक चित्र सापडले. पुतण्याने हात लांब करून, आपण व भाऊ असे दोघांचे, फोनवर टिपलेले. त्यातून भाऊंचा चेहरा वेगळा काढून दुकानदाराने तो मोठा करून दिला. चौकट बसली, चंदनाचा हार चढला. आलेगेले म्हणाले, "छान आला आहे हो फोटो, अगदी हसरा."

वहिनी तेवढ्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी सायंकाळी दिवा लावताना त्या आमच्या सौ.पाशी हळूच म्हणाल्या, "हे यांचं नाक नव्हे गं. कुणा परक्याचा फोटो लावल्यासारखं वाटतं."

त्यानंतर आम्ही लक्ष ठेवले. वहिनी रोज त्या तसबिरीस फूल वाहत. परंतु वाहताना मान वर करीत नसत. त्रेपन्न वर्षांचा संसार ज्या मुखाकडे पाहून झाला, त्याच मुखाच्या चित्राकडे त्या माउलीने दृष्टी टाकू नये, हे शल्य आमच्या मनात सलू लागले.

प्रथम आम्हांस वाटले, हा शोकाचा भ्रम असेल. परंतु चित्र नीट न्याहाळले तेव्हा वहिनींचे म्हणणे खरे ठरले. भाऊंचे नाक सरळ व बेताचे होते. चित्रात ते पुढे धावून आले होते. कान मागे सरून बारीक झाले होते, कपाळ फुगले होते. रंग भाऊंचा, चष्मा भाऊंचा, हसू भाऊंचे; आणि तरीही मुद्रा परक्याची. असे का व्हावे?

पुतण्याचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, अभियांत्रिकीस आहे व त्यास कॅमेऱ्याचा नाद आहे. त्यास विचारले. तो म्हणाला, "आबा, फोन फार जवळ होता. एवढंच."

एवढेच! मास्तराचे समाधान एवढ्याने होत नसते. आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो. सौ.ने हसत हसत आमच्या मुखाचे माप घेतले: नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत, मागे जाणारे अंतर, सुमारे १२ सेंटिमीटर. आता फोन नाकापासून ४० सेंटिमीटरांवर धरला, तर कान ५२ सेंटिमीटरांवर पडतो. वस्तू जितकी दूर तितकी लहान दिसते, हे त्रैराशिक सर्वांस ठाऊक आहे. ५२ ला ४० ने भागले की १.३ येतात, म्हणजे कानाच्या मानाने नाक तीस टक्के मोठे उमटणार. हेच चित्र दोन मीटरांवरून काढले असते, तर नाक २०० वर व कान २१२ वर. फरक अवघा सहा टक्क्यांचा. चार मीटरांवरून काढले असते तर तीन टक्क्यांचा. भाऊंच्या नाकाचा सारा अपराध तो हा. पुढे नातवाने दाखविले की २०१८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने हेच गणित मांडले होते: एका फुटावरून काढलेल्या चित्रात नाक हे पाच फुटांवरून काढलेल्या चित्रातील नाकापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसते. असल्या चित्रांवर विसंबून लोक नाकाची शस्त्रक्रिया करवून घेण्यास वैद्यांकडे जाऊ लागले, म्हणून त्या वैद्यांना हे गणित करावे लागले!

संस्कृताच्या विद्यार्थ्यास येथे एका जुन्या ग्रंथाची आठवण होणे साहजिक आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र म्हणून जो भाग आहे, त्यात मनुष्याकृतीची नऊ स्थाने सांगितली आहेत. समोरासमोरचे ते ऋज्वागत, तिरके ते साचीकृत, अशी. आणि त्यासोबत क्षय व वृद्धी यांचा विचार आहे. पाहणाऱ्यापासून जो अवयव मागे वळतो त्याचा क्षय होतो, जो पुढे येतो त्याची वृद्धी होते. हे जाणून ज्याने रेषा ओढावी तो चित्रकार. भाऊंच्या चित्रात नाकाची वृद्धी व कानांचा क्षय झाला होता, इतकेच. दोष शास्त्रात नव्हता. शास्त्र न जाणता हात लांब करणाऱ्यांत होता, आणि त्यांत आम्हीही आलो. कारण चाळीस वर्षे एका घरात राहून आम्ही भावाची एक तसबीर करवून घेतली नाही.

तेव्हा आम्ही मनाशी ठरविले की भाऊंचे जे झाले ते वहिनींचे होऊ द्यावयाचे नाही. वहिनींस अठ्ठ्याहत्तरावे चालू होते. त्यांची तसबीर, त्या हिंडत्याफिरत्या आहेत तोवर, नीट काढावयाची. त्यासाठी योग्य भिंग कोणते, हा प्रश्न उभा राहिला.

या ठिकाणी थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. वाचकांनी कंटाळा करू नये. भिंगावर जो मिलिमीटरांचा आकडा असतो, १८, ५०, ८५ असा, ते त्याचे नाभीय अंतर. आकडा लहान असेल तर दृश्य रुंद येते, मोठा असेल तर अरुंद व जवळ ओढल्यासारखे येते. फोनातील नेहमीचे भिंग मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने २४ ते २८ मिलिमीटरांच्या जातीचे, म्हणजे रुंद. त्यातून चेहऱ्याने चौकट भरावयाची तर जवळ जावेच लागते. आणि जवळ गेले की नाक पुढे आलेच. तसबिरीसाठी जाणते लोक ८५ ते १३५ मिलिमीटरांची भिंगे सांगतात, त्याचे कारण हे की त्यांतून चेहरा भरण्यासाठी माणसास दूर उभे राहणे भाग पडते.

आम्ही समजत होतो की लांब भिंगात नाक लहान करण्याचा काही गुण असावा. नातवाने हा भ्रम एका प्रयोगाने घालविला. त्याच्या कॅमेऱ्याबरोबर आलेले भिंग १८ पासून ५५ पर्यंत फिरते. आम्हांस खुर्चीवर बसवून त्याने तीन चित्रे काढली. पहिले १८ वर, तोंडाजवळ येऊन. दुसरे ५५ वर, दोन मीटर मागे जाऊन. तिसरे त्याच दोन मीटरांवरून, पण १८ वर. त्यात आम्ही खोलीच्या मध्यभागी इवलेसे. मग त्याने तिसऱ्यातील आमचा चेहरा कापून मोठा केला व दुसऱ्याशेजारी ठेवला. नाक, कान, कपाळ, सारे तंतोतंत सारखे! फरक इतकाच की कापलेले चित्र थोडे भरड आले. पहिल्या चित्रातील गृहस्थ मात्र आमचा कोणी विनोदी चुलतभाऊ शोभला असता.

सारांश, मुखाची ठेवण भिंग ठरवीत नाही. उभे राहण्याचे अंतर ठरविते. भिंग फक्त एवढेच ठरविते की त्या अंतरावरून चौकटीत किती मावावे. म्हणून आधी अंतर ठरवावे, भिंग मागाहून. आम्ही साठ ते पासष्ट वर्षे ज्या गोष्टी पाहिल्या त्या आठवून अंतराचा विचार केला. घरातील माणसाचा चेहरा आपण कोठून ओळखतो? हातभरावरून नव्हे, तितके जवळ मांडीवरचे मूल जाते किंवा आरसा. ओसरीवर समोरासमोर दोघे बसतात, एक झोपाळ्यावर, एक आरामखुर्चीत. त्यांच्यामधले अंतर चार ते साडेचार हात भरते. दोन मीटर म्हणजे जवळजवळ तेवढेच. फार दूर गेल्यासही चालत नाही. वीस-पंचवीस हातांवरून काढलेला चेहरा ताटासारखा चपटा दिसतो, आणि बोलणेही ओरडून करावे लागते. साडेचार हात हे संभाषणाचे अंतर. तसबीरही त्याच अंतरावरची बरी.

अंतर ठरल्यावर भिंगाचे गणित सोपे झाले. नातवाच्या कॅमेऱ्यातील चित्र उमटण्याचा पडदा लहान आहे, सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, मोठ्या कॅमेऱ्यांत तो ३६ गुणिले २४ असतो. लहान पडद्यावर कोणतेही भिंग दीडपट लांब असल्यासारखे वागते. कॅमेरा उभा धरून दोन मीटरांवरून ५० च्या भिंगाने पाहिले, तर ९४ सेंटिमीटर उंचीचे दृश्य मावते. बसलेल्या मनुष्याचे मस्तकापासून मांडीवरच्या हातांपर्यंत. वहिनींचे हातही चित्रात असावेत अशी आमची इच्छा होती. त्या हातांनी हे घर उभे केले आहे.

मग एका शनिवारी नातवास घेऊन आम्ही मुंबईस कोटातील बोरा बाजारात गेलो. तेथे कॅमेऱ्याच्या दुकानांची रांगच आहे. एका दुकानदाराने ८५ मिलिमीटरांचे, १.४ आकड्याचे भिंग समोर ठेवले. काय त्याचा डौल! मुखाशी सहा सेंटिमीटरांचे गोल काचेचे सरोवरच. नातवाचे डोळे लकाकले. आम्ही किंमत विचारली व खिशातील हात खिशातच राहू दिला. परंतु केवळ किमतीमुळे नव्हे. तेच ९४ सेंटिमीटरांचे दृश्य त्या भिंगातून नातवाच्या कॅमेऱ्यावर घ्यावयाचे तर ३.४ मीटर, म्हणजे अकरा फूट मागे जावे लागते. आमच्या माजघराची लांबी बारा फूट. त्यात माणूस, खुर्ची व कॅमेरा कोठे बसवावा? शिवाय १.४ हा आकडा पुरता उघडला, तर मोठ्या कॅमेऱ्यावर दोन मीटरांवरून सुमारे साडेचार सेंटिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. डोळा रेखीव आला तर कान धुक्यात गेला म्हणून समजावे. तरुण नटीच्या मुखास ते शोभत असेल. म्हाताऱ्या मनुष्याच्या तसबिरीत कानातली कुडीसुद्धा स्पष्ट हवी.

आकड्याचा अर्थ असा: नाभीय अंतरास भिंगाच्या उघड्या द्वाराच्या रुंदीने भागले की हा आकडा येतो. आकडा लहान तितका प्रकाश अधिक. कॅमेऱ्याबरोबर आलेले भिंग ५५ वर नेले की त्याचा आकडा ५.६ पेक्षा खाली उतरत नाही. ५० चे साधे भिंग १.८ पर्यंत उतरते. म्हणजे प्रकाश जवळजवळ दहापट. नव्या भिंगाचा लाभ तो एवढाच. भर दिवसा उघड्या जागी चित्र काढावयाचे असेल, तर घरातल्या भिंगानेही भागते, हे आम्ही प्रांजळपणे सांगून ठेवतो. देवघरात, समईच्या व झरोक्याच्या उजेडात वहिनींना बसवावे असे मनात होते, म्हणून आम्ही ५० चे घेतले. सर्वांत हलके, सर्वांत स्वस्त, आणि तेही वापरलेले.

वापरलेले भिंग घेणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. एक, ते आपल्या कॅमेऱ्याच्या बैठकीस बसते की नाही, आणि केंद्र साधणारी मोटर त्याच्या अंगात आहे की नाही. काही जुन्या भिंगांत ती नसते. दुसरी, द्वाराच्या पात्यांवर तेल पसरलेले नसावे. तिसरी व आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत सर्वांत महत्त्वाची: भिंगातून विजेरीचा झोत पार टाकून पाहावा. पहिल्या दुकानात दाखविलेल्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले; ती बुरशी. ती एकदा काचेस धरली की पुढे पसरते व काचेवरचा लेप खाते. दुसऱ्या दुकानातील भिंग स्वच्छ निघाले. ते हल्ली वहिनींच्या पापडांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून जमविलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह, सुखाने नांदत आहे.

परत येताना गाडीत आम्ही नातवास भिंगाचा पूर्वेतिहास सांगितला. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरने आपली चित्रविद्या जाहीर केली, तेव्हाची भिंगे इतकी मंद होती की मनुष्यास उन्हात कित्येक मिनिटे, मस्तक मागून लोखंडी आधारास टेकवून, निश्चल बसावे लागे. व्हिएन्नाच्या विद्यापीठातील गणिताचे अध्यापक योझेफ पेत्झव्हाल यांनी १८४० साली खास तसबिरीसाठी भिंग रचले. ते कारागिराने घासून घासून शोधलेले नव्हते. कागदावर आकडेमोड करून काढलेले होते. त्या आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातील हिशेबात तरबेज असे सैनिक मदतीस दिले होते. फोक्टलेंडर यांच्या कारखान्याने ते बनविले. त्याचा आकडा ३.६. त्यामुळे मिनिटांचे काम सेकंदांवर आले आणि घरोघरच्या मुखांना चित्रात येण्याची सोय झाली. तोफेचा नेम धरण्याचे गणित मनुष्याचे मुख जपण्याच्या कामी यावे, हे आम्हांस फार हृद्य वाटते. मुंबईतही ही विद्या लवकरच आली. १८५४ साली येथे छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली, आणि तीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले.

"म्हणजे शिलालेखवाले भाऊ दाजी?" नातवाने विचारले. होय, तेच. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेखाचे वाचन भाऊ दाजींनी केले. त्यातील शक प्रथम ७८२ असा वाचला गेला. पुढे भगवानलाल इंद्रजी यांच्या वाचनाने तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा ठरला. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मुम्मुणी राजाच्या काळचा. एका अंकाच्या वाचनात देऊळ दोनशे वर्षांनी हलले! दगड तोच, लेख तोच, पाहण्यात चूक. नातू म्हणाला, "आबा, भाऊआजोबांच्या नाकासारखंच झालं." पोरगा शिकतो आहे, असे आम्हांस समाधान वाटले.

आता वहिनींकडे गोष्ट काढावयाची होती. ते काम आम्हांस भिंगापेक्षा कठीण गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसास "तुमची एकटीची तसबीर काढावयाची आहे" म्हणून कसे सांगावे? आम्ही नव्या भिंगाचे निमित्त केले, नातवाच्या हौसेचे निमित्त केले. वहिनी गव्हले वळीत होत्या. हात न थांबविता म्हणाल्या, "भाऊजी, हारासाठीच काढताय ना?"

आम्ही खाली पाहिले.

"मग लपवता कशाला? नीट काढा म्हणजे झालं. माझ्या मागं पोरांनी केक कापतानाचा लावू नये." मग थोडे थांबून, "घरात नको पण. देवळात काढा. दर सोमवारी जाते मी. तिथं मी बरी दिसते."

याप्रमाणे देवघराचा बेत मोडला आणि पौषातल्या एका बुधवारी, गर्दी नसेल अशा बेताने, आम्ही चौघे सकाळी शिवमंदिरात गेलो. वालधुनीच्या काठचे हे काळ्या दगडाचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याच्या भिंतींवरील मूर्तींची दाटी सांगणे नको. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे सकाळी सूर्य देवळामागे असतो आणि पुढील अंगणात देवळाची सावली पडते. वर मात्र आकाश मोकळे. तसबिरीस याहून चांगला उजेड नाही. डोळे मिटविणारे ऊन नाही, नाकाखाली काळी छाया नाही. चहूकडून सारखा, मवाळ प्रकाश. दहापट प्रकाशाचे भिंग आम्ही विकत घेतले होते; येथे प्रकाश फुकट मिळाला.

वहिनी गाभाऱ्याच्या पायऱ्या आता उतरत नाहीत. त्यांनी मंडपातूनच, खाली वाकून, शंभूस हात जोडले. मग घरून नेलेल्या घडीच्या खुर्चीवर त्या बसल्या. अंगावर भाऊंनी घेतलेली जांभळ्या काठाची साडी. नातवाने पावलांनी साडेचार हात मोजले, कॅमेरा वहिनींच्या डोळ्यांच्या उंचीस यावा म्हणून एक गुडघा टेकला, आणि द्वार ४ या आकड्यावर आणले. त्यामुळे नाकापासून कानापर्यंतचे सारे मुख स्पष्ट राहते. केंद्र जवळच्या डोळ्यावर.

"आजी, माझ्याकडे बघ."

वहिनी ताठरल्या. कॅमेऱ्यापुढे जशी सर्वांची होते तशी मुद्रा झाली. नातू म्हणाला, "आबा, तुम्ही माझ्याशेजारी बसा आणि आजीशी बोला काहीतरी."

आम्ही त्याच्या शेजारी, कट्ट्याच्या कडेवर बसलो, आणि बोलण्यासाठी वहिनींकडे पाहिले. वाचकहो, येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वहिनी या घरात आल्या तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्यांनी आम्हांस जेवू घातले, आजारपणात उशाशी बसल्या, आमची मुंज झाली तेव्हा आई नव्हती म्हणून मातृभोजनास त्याच बसल्या. आणि तरीही, त्यांच्या मुखाकडे समोरून, सावकाश, असे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. वाढलेल्या पानाकडे पाहिले, वाढणाऱ्या हाताकडे पाहिले. रामायणात सुग्रीव सीतेचे अलंकार दाखवितो, तेव्हा लक्ष्मणास केवळ पायांतील नूपुरे ओळखता येतात. हा प्रसंग वर्गात शिकविताना आम्ही त्याची किती थोरवी गायिली आहे! त्या दिवशी मात्र मनात आले की, थोरवी खरी. परंतु सीतेचा शोध करण्यास निघालेल्या लक्ष्मणाला तिचे मुख सांगता आले नसते, तर?

वहिनींच्या उजव्या भुवईत एक बारीक व्रण आहे. तो कशाचा, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही विचारले. त्या हसल्या. "भाऊजी, विटी तुमचीच होती. अंगणात. तुम्ही सातवीत होतात. यांना सांगितलं मी, फळी लागली म्हणून."

नातवाने त्या क्षणी कळ दाबली. तीच तसबीर.

सायंकाळी साऱ्या घराने ती पाहिली. नाक नाकाच्या जागी, हात मांडीवर, भुवईतला व्रणसुद्धा स्पष्ट, आणि मागे अंधुक झालेला काळा दगड. वहिनींनी ती बराच वेळ हातात धरली. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की आमचे सारे त्रैराशिक ओशाळे झाले.

"म्हणजे दुरून काढला की खरा येतो, असंच ना? मग याच्या मुंजीतला बघा की. तो फोटोवाला हॉलच्या पार त्या टोकाला उभा होता."

आम्ही नातवाकडे पाहिले, नातवाने आमच्याकडे. तीन चित्रांचा प्रयोग आमच्याच घरी झालेला. दुरून काढलेल्या चित्रातून कापलेला चेहरा खरा असतो हे आम्हीच डोळ्यांनी पाहिलेले. आणि तरी भाऊंसाठी ते वापरावे हे दोघांनाही सुचले नव्हते. गणित आम्ही सोडविले, उपयोग वहिनींनी केला.

मुंज २०१३ सालची. फोनांतून फिरलेल्या प्रती लहान होऊन होऊन निकामी झाल्या होत्या. परंतु छायाचित्रकाराने दिलेली मूळ तबकडी कपाटात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, सापडली. समूहाचे चित्र, चाळीस माणसे. रुंद भिंगात कडेची माणसे आडवी ताणली जातात, तशी दोन्ही कडांची मंडळी ताणलेली होती; पण भाऊ बटूशेजारी अगदी मध्यभागी बसले होते. चेहरा बोराएवढा. नातवाने तो कापला, मोठा केला. भरड आला, कडा विरल्या, चष्म्याच्या काचेवर दिव्याचा ठिपका तसाच राहिला. पण नाक सरळ व बेताचे. कान आपल्या जागी. दुकानदार म्हणाला, "हा फार अंधुक येईल, आधीचाच ठेवा." आम्ही अंधुकच करून मागितला.

जुनी तसबीर उतरवून ही नवी लावली, त्या सायंकाळी वहिनी नेहमीप्रमाणे खाली मान घालून फूल घेऊन आल्या. फूल वाहिले. मग मान वर केली. पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. "हं," एवढेच म्हणाल्या, आणि दिव्याची वात पुढे सारली.

त्यांची स्वतःची तसबीर त्यांनी साडीच्या घडीत घालून कपाटात ठेवून दिली आहे. किल्ली कोठे असते ते सौ.ला सांगून ठेवले आहे.

ज्यांच्या घरी वडील माणसे आहेत, त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. महाग भिंगाची वाट पाहू नये. सकाळची सावली पाहावी, माणसास बसवावे, साडेचार हात मागे सरावे, हाती जे भिंग असेल ते डोळ्यांच्या उंचीस धरावे, आणि त्या माणसाशी बोलावे. फोन असला तरी तेथूनच काढावे आणि मागाहून कापावे. चित्र भरड येईल. पण मनुष्य आपला येईल.